सहा वाजून बारा मिनिटांचं पाणी

गुरुवार, २९ जानेवारी. पहाटे पाच वाजून चोपन्न मिनिटांनी हेमांगी दळवी शहाडमधल्या एका वसाहतीच्या चावीखोलीत संगणकासमोर बसल्या होत्या. मांडीवर दोनशे पानी वही, हातात निळं पेन, डाव्या मनगटावर मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवलेलं घड्याळ. वहीत त्यांनी वेळांचा रकाना आधीच आखून ठेवला होता: ६.००, ६.०१, ६.०२, असं खाली ६.२० पर्यंत.

मागे तानाजी गोळे उभे होते. वय एकोणपन्नास, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर. ते या वसाहतीचे चावीवाले, म्हणजे सकाळच्या पाळीत पाणी सोडणारे. सात इमारतींच्या संघाची स्वतःची विंधण विहीर आणि टाकी आहे. पूर्वी लोखंडी चाक फिरवून पाणी सोडत. तीन वर्षांपूर्वी संघाने मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून चाकाला सील आहे आणि पाणी संगणकावरच्या बटणाने सुटतं. व्हॉल्व्ह कधीही उघडला तरी सहा पंचेचाळीसला आपोआप बंद होतो.

गेले तीन आठवडे पाणी सहाऐवजी सहा बाराला, कधी त्याच्याही नंतर सुटत होतं. टाकीजवळच्या इमारतींना त्याचं फार काही वाटलं नाही. पण चढावरच्या सातव्या इमारतीत पाणी पोचायलाच वीस मिनिटं लागतात. तिथे एरवी पंचवीस मिनिटं पाणी येतं; आता तेरा मिनिटं येत होतं.

चावीवाल्याच्या करारात एक कलम आहे: तीन लेखी तक्रारी झाल्या की काम बंद. तानाजींविरुद्ध तिसरी तक्रार मंगळवारी आली होती. तिच्यावर निर्णय घ्यायला समितीची बैठक शुक्रवारी संध्याकाळी सातला ठरली होती.

तानाजींचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं: मी सहालाच बटण दाबतो, यंत्र घेत नाही. यंत्राचा अहवाल मात्र सांगत होता की बटणाची पहिली नोंद सहा बाराची आहे, त्याआधी काहीच नाही. शिवाय सोमवारी, तानाजींच्या सुट्टीच्या दिवशी, बदली चावीवाला सुदेश असतो तेव्हा पाणी बरोबर सहाला येत होतं. सव्वीस जानेवारीलासुद्धा आलं.

हा अहवाल ज्या सॉफ्टवेअरमधून निघतो ते ठाण्यात, नौपाड्यातल्या एका नऊ माणसांच्या कंपनीने बनवलेलं आहे. हेमांगी दळवी त्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी पाहतात. तानाजींनी बुधवारी त्यांना फोन केला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, तुमची माणसं दहाला बघतात. दहाला ते चालतंच. तुम्ही एकदा सहाला या."

म्हणून त्या आल्या होत्या.

बरोबर सहाला तानाजींनी नाव आणि पासवर्ड टाकला. पाळी सुरू होण्याआधी संगणक लॉगिन घेतच नाही. हिरवी चौकट आली. त्यांनी 'व्हॉल्व्ह उघडा' दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: कनेक्शन नाकारलं, पुन्हा प्रयत्न करा.

"बघा," तानाजी म्हणाले.

"बघतेय. परत दाबा."

६.०१, नाकारलं. ६.०२, नाकारलं. हेमांगींनी प्रत्येक वेळेपुढे फुली मारली. ६.०३ ला तानाजींचा हात संगणकाच्या मागच्या बटणाकडे गेला.

"काय करताय?"

"बंद करून चालू करतो ना. तुम्हीच सांगितलेलं फोनवर."

"आज नको."

तसा सल्ला दिल्याचं खरं होतं. ९ जानेवारीला तानाजींचा पहिला फोन आला तेव्हा हेमांगींनी सकाळी साडेनऊला आपल्या टेबलावरून तपासणी केली होती. सगळं सुरळीत होतं. त्यांनी तक्रार बंद केली आणि शेऱ्यात लिहिलं: दोष आढळला नाही, चालकाने संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. २० तारखेला दुसऱ्यांदा तसंच झालं. त्या वेळचा शेरा: दोष आढळला नाही, चालकास समज द्यावी. ते दोन्ही कागद समितीच्या फाइलमध्ये तक्रारींना जोडलेले होते.

सहा वाजून सात मिनिटांच्या सुमारास दारात बादली आपटल्याचा आवाज झाला. सातव्या इमारतीतल्या जया भोईर आल्या होत्या. वर वाट बघण्यापेक्षा त्या हल्ली खाली येऊन चौकशी करत.

"काय हो तानाजीभाऊ, झाली का झोप? की अजून एक कूस बाकी आहे?"

"वहिनी, मी पावणेसहाला आलेलो. ह्या मॅडमना विचारा."

"ह्या कोण? नवीन पाणीवाल्या का?"

"मी कंपनीकडून आलेय," हेमांगी वहीवरून नजर न काढता म्हणाल्या. "ते सहापासून दाबतायत. सात वेळा दाबलं."

"मग तुमची कंपनी झोपलीये म्हणा की!"

"तेच शोधतेय."

हेमांगींनी मग एक खिडकी उघडली, जी तानाजींनी कधी पाहिली नव्हती. आपण एखाद्या संकेतस्थळावर जातो तेव्हा ते स्वतःची ओळख आपल्याला पटवतं. इथे उलट बाजूनेही ओळख लागते. व्हॉल्व्ह भलत्याच माणसाने उघडू नये म्हणून चावीखोलीतल्या संगणकालाही ठाण्यातल्या सर्व्हरपुढे आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. ते दर पाळीला लॉगिन करताना नवं मिळतं आणि आठ तास चालतं. दारावर दाखवायचा पासच तो: नाव, कुणी दिला, कधीपासून कधीपर्यंत. पास पटला नाही तर सर्व्हर बोलणंच सुरू करत नाही, आणि बोलणंच न झाल्यामुळे व्हॉल्व्हच्या अहवालात त्याची नोंदही होत नाही. तानाजींच्या आधीच्या सगळ्या प्रयत्नांचं हेच झालं होतं.

हेमांगींनी आजचं सर्टिफिकेट उघडलं. नाव बरोबर. देणाऱ्याची सही बरोबर. मुदत संपलेली नाही. मग त्यांनी वरची ओळ वाचली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घड्याळात सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं: वैध, ०६:१२:०८ पासून.

त्यांनी चावीखोलीतल्या संगणकाचं घड्याळ तपासलं. ते बरोबर होतं.

"काय झालं?" तानाजींनी विचारलं.

"तुमचा पास अजून सुरूच झालेला नाही. तीन मिनिटांनी होईल. थांबा."

सहा वाजून बारा मिनिटं दहा सेकंदांनी तानाजींनी बटण दाबलं. व्हॉल्व्हची मोटर घुरघुरली. जया भोईर बादली उचलून चढाकडे पळाल्या.

तानाजी खुर्चीच्या कडेला टेकले. "म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत."

"नाही."

"हे तुम्ही उद्या सांगाल ना समितीला?"

"आज एका दिवसाचं सांगू शकते," हेमांगी म्हणाल्या. "बाकीच्या दिवसांचं शोधावं लागेल."

हेमांगी दळवी बावन्न वर्षांच्या आहेत, डोंबिवली पूर्वेला राहतात. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या याच कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हा कंपनी कारखान्यांसाठी पाण्याच्या दाबाचे मीटर आणि पॅनेल बनवायची. पत्रं टाइप करता करता तक्रारींचे फोन त्यांच्याकडे आले, कारण बाकी कुणाला ग्राहकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्याचा कंटाळा होता. पुढे मीटर गेले, सॉफ्टवेअर आलं. त्यांनी त्याचं शिक्षण कुठल्या वर्गात घेतलेलं नाही. माहितीपुस्तिका वाचल्या आणि वहीत लिहून काढल्या. एखादी गोष्ट का बिघडली हे कळलं नसेल तर 'ठीक झालं' असं लिहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. जानेवारीत त्यांनी तो दोनदा मोडला होता. दोन्ही वेळा गोष्ट ठीकच दिसत होती.

त्या नौपाड्यातल्या कार्यालयात पोचल्या तेव्हा मनगटावरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. आत शिरताना भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथे आठ बावन्न.

त्या दारातच उभ्या राहिल्या.

ते घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं. कार्यालयातून स्टेशनला चालत जायला बारा मिनिटं लागतात, म्हणून कंपनीचे जुने भागीदार त्र्यंबक आगाशे यांनी ते फार वर्षांपूर्वी तसं लावलं. घड्याळात गाडीची वेळ झाली की उठायचं, म्हणजे गाडी मिळते. ठाणे-डोंबिवलीकडच्या बहुतेक घरांत एक तरी घड्याळ असं पुढे असतं; हेमांगींच्या स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे आहे. कार्यालयातले सगळे जण त्या घड्याळाकडे पाहून मनातल्या मनात बारा वजा करतात. नवा माणूस आठवडाभरात शिकतो.

सर्टिफिकेटं देणारा संगणक कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात आहे. सुरक्षिततेसाठी त्याला इंटरनेट दिलेलं नाही. फक्त मुख्य सर्व्हरकडे जाणारी एक केबल आहे. त्यामुळे त्याची वेळ आपोआप सुधारत नाही, हाताने लावावी लागते. हेमांगींनी कपाट उघडून पडदा चालू केला. आठ त्रेपन्न. त्यांच्या मनगटावर आठ एक्केचाळीस.

त्र्यंबक आगाशे नऊला आले. वय एकाहत्तर, आता आठवड्यातून तीन दिवस येतात. त्या संगणकाची जबाबदारी मात्र त्यांनी कुणाला दिलेली नाही.

"काका, कपाटातल्या मशीनची वेळ शेवटची कुणी लावली?"

"मीच. त्यातला सेल गेला होता, तो बदलला. सहा जानेवारीला. का गं?"

"कुठलं घड्याळ बघून लावलीत?"

आगाशे यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, भिंतीकडे पाहिलं आणि हळूच चष्मा काढला.

"अगं, ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"सर्व्हरला नाही ठाऊक, काका. तो मोबाइलसारखी खरी वेळ धरून चालतो. सहाला दिलेला पास सहा बारापासून लागू, असं त्याला दिसतं. तो म्हणतो, नंतर या."

"तेवीस दिवस?"

"तेवीस."

"आणि कुणी ओरडलं नाही?"

"ओरडला की. आपण त्याला समज द्यायला सांगितली."

बाकीच्या ग्राहकांकडे पाळीच्या पहिल्या बारा मिनिटांत कुणाला काही करायची घाई नसते. चहा होतो, गप्पा होतात. शहाडची सकाळची पाळी ही एकच अशी होती जिथे पहिल्याच मिनिटाला बटण दाबावं लागतं.

दहा वाजता कंपनीचे मालक नील आगाशे आले. ते त्र्यंबककाकांचे पुतणे, वय छत्तीस. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकलं आणि सर्व्हरच्या दारावरची नोंदवही उघडली. ही व्हॉल्व्हच्या अहवालाहून वेगळी असते. परत पाठवलेल्यांची नोंद इथे राहते, पण कारण पडल्याशिवाय ती कुणी वाचत नाही. सात जानेवारीपासून वीस सकाळी. दर सकाळी पहिला नकार सहा वाजून काही सेकंदांचा. एकूण नकार एकशे त्रेसष्ट. प्रत्येकापुढे एकच कारण: सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही.

हेमांगी एका ओळीपाशी थांबल्या. १० जानेवारी. त्या दिवशी सहा वाजून सात मिनिटांनी नवं लॉगिन झालं होतं आणि पाणी सहा एकोणीसला सुटलं होतं. संगणक बंद करून चालू केला की नवं सर्टिफिकेट मिळतं, आणि त्याची बारा मिनिटं पहिल्यापासून मोजली जातात. तानाजींनी आदल्या दिवशी मिळालेला सल्ला पाळला होता. पहिली लेखी तक्रार त्याच सकाळची होती.

नील यांनी काकांना घड्याळ दुरुस्त करायला सांगितलं आणि स्वतः पत्राचा मसुदा केला. दोन ओळींचा होता: काही तांत्रिक कारणामुळे सेवेत अडथळा येत होता. तो आता दूर करण्यात आला आहे.

"हे नाही चालणार," हेमांगी म्हणाल्या.

"का? खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काही नाही. पण कधीपासून कधीपर्यंत, ते नाही. समिती म्हणेल, अडथळा एखाद दिवस असेल, बाकीचे दिवस हा उशिरा आला."

"हेमांगीताई, मार्चमध्ये त्यांचा करार संपतोय. आपणच लिहून द्यायचं, की तेवीस दिवस आमचं घड्याळ चुकलं होतं?"

"त्याचं काम उद्या संपतंय."

नील यांनी मसुदा परत हातात घेतला. त्यांची अडचण खोटी नव्हती. अशा पाच ग्राहकांवर कंपनी उभी आहे, आणि 'घड्याळ चुकलं' हे वाक्य एका वसाहतीतून दुसरीत जायला वेळ लागत नाही. कपाटापाशी वाकलेल्या त्र्यंबककाकांनी मागे न वळता म्हटलं, "नील, तारखा घाल. घड्याळ मी लावलं, खाली सही मी करतो. तुझं नाव नको."

"काका, तसं नाही—"

"तसंच आहे. आणि हिचे ते दोन शेरे?"

"ते माझ्या सहीने मागे घेते," हेमांगी म्हणाल्या.

पत्र दोन पानी झालं. त्याला वीस सकाळींचा तक्ता जोडला. कपाटातल्या संगणकावर त्र्यंबककाकांनी चिठ्ठी चिकटवली: याची वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून लावू नये. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करावं असं कुणी सुचवलं नाही.

शुक्रवारी सकाळी हेमांगी पुन्हा शहाडला होत्या. तानाजींनी लॉगिन केलं, बटण दाबलं. सहा वाजून शून्य मिनिटं अकरा सेकंदांनी मोटर सुरू झाली. त्यांनी वहीत एक बरोबरची खूण केली आणि वेळ लिहिली. तानाजींनी मात्र हात बटणावरून लगेच काढला नाही.

संध्याकाळी सातला संघाच्या कार्यालयात समितीचे पाच सदस्य होते. अध्यक्ष प्रमोदिनी बर्वे, वय अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, मग तक्ता वाचला, मग पेन्सिलीने तक्त्यातल्या तीन रिकाम्या जागांवर टिंबं दिली.

"बारा, एकोणीस आणि सव्वीस तारीख. तिन्ही सोमवार. त्या दिवशी सुदेश होता आणि पाणी सहाला आलं. घड्याळ तुमचं तेव्हाही चुकलेलंच होतं ना?"

"हो."

"मग चुकलेलं घड्याळ माणूस बघून चुकतं का?"

एक सदस्य हसले. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या तानाजींनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

हेमांगींनी वही उघडली. "सुदेश रविवारी रात्री दहाला कामावर येतो आणि सोमवारी दुपारपर्यंत थांबतो. दोन पाळ्या सलग. त्याने रात्री दहाला लॉगिन केलं. त्याचा पास दहा बारापासून लागू झाला आणि आठ तासांनी, म्हणजे सकाळी सहा बाराला संपला. सहाला त्याने बटण दाबलं तेव्हा रात्रीचाच पास चालू होता. तानाजीभाऊंना सहाला नवा घ्यावा लागतो. ज्या चुकीने यांना बारा मिनिटं अडवलं, तिनेच त्याला बारा मिनिटं जास्त दिली."

प्रमोदिनीबाईंनी पेन्सिलीने समासात हिशोब मांडला. दहा बारा, अधिक आठ तास. त्यांनी तो दोनदा तपासला.

"आणि आता घड्याळ बरोबर केल्यावर? सुदेशचा रात्रीचा पास सहाला संपणार."

"त्यालाही आता सहाला नव्याने लॉगिन करावं लागेल. तसं मी त्याला आज लिहून दिलंय."

"हे दोन शेरे तुमचेच ना? 'चालकास समज द्यावी'?"

"माझेच. दोन्ही वेळा मी सकाळी नऊनंतर तपासलं होतं. सहाला तपासायला हवं होतं."

"त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं का, सहाला होतं म्हणून?"

"सांगितलं होतं. दोन्ही वेळा."

मग प्रमोदिनीबाई दाराकडे वळल्या.

"तानाजी, तुम्ही आम्हालाही सांगत होतात."

"हो बाई."

"आमच्यापुढे छापील अहवाल होता."

"मला माहितीय बाई. माझ्यापुढे बटण होतं."

ठराव सव्वासातला झाला. तिन्ही तक्रारी मागे घेतल्या. एका सदस्याने विचारलं, की कागद फाइलमधून काढून टाकायचे का. प्रमोदिनीबाईंनी नकार दिला. काढले तर पुढच्या समितीला काय झालं ते कळणार नाही. प्रत्येक तक्रारीवर लाल शाईत 'चालकाचा दोष नाही' असं लिहून पाचही जणांनी सह्या केल्या. कंपनीच्या कराराचा विषय मार्चच्या बैठकीवर गेला. तो तसाच पुढे चालू राहील असं कुणी म्हटलं नाही, आणि हेमांगींनीही विचारलं नाही.

बाहेर पडताना तानाजींनी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. आभार मानायचे तर कुणाचे, याचा त्यांना नीट अंदाज येत नसावा. चूक कंपनीची होती आणि सुटकाही तिथूनच आली होती.

"तुम्ही तेव्हाच आला असतात तर," ते म्हणाले आणि थांबले.

"हो," हेमांगी म्हणाल्या.

"आता कुणी फोन केला तर जाल ना, तो सांगेल त्या वेळेला?"

"जाईन."

सातव्या इमारतीच्या जिन्यावरून जया भोईर यांनी हाक मारली, "काय झालं हो भाऊ? राहिलात ना?"

"राहिलो."

"मग उद्या उशीर झाला तर कुणाला बोलायचं?"

"मलाच बोला, वहिनी!"

चावीखोलीच्या दारावर पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो. शनिवारचा रकाना बैठकीच्या निर्णयासाठी कोरा ठेवला होता. तो शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला भरला. शनिवार, ३१ जानेवारी, सकाळची पाळी: तानाजी गोळे. पाणी सोडण्याची वेळ: सहा.